आत राहून काढलेला नकाशा

शाळांच्या भिंतींवर, विज्ञानकेंद्रांच्या दालनांत एक चित्र हमखास दिसतं. काळ्याभोर अवकाशात पिवळसर, लांबट गाभा. त्याच्या दोन टोकांपासून सुटून वळत गेलेल्या निळसर भुजा. आणि गाभ्यापासून बऱ्याच अंतरावर, एका भुजेच्या कडेला, सूर्याची खूण. चित्र इतकं ठाम आहे की बघणाऱ्याला तो फोटोच वाटतो. पण तो फोटो नाही. स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून रॉबर्ट हर्ट या खगोलचित्रकाराने ते रंगवलं आणि 2008 मध्ये ते लोकांसमोर आलं. आपल्या आकाशगंगेचा फोटो काढायचा तर तिच्या बाहेर जावं लागेल. तिच्या तबकडीचा व्यास लाखभर प्रकाशवर्षांचा. ती अख्खी नजरेत मावेल इतकं वर जायला प्रकाशालाही हजारो वर्षं लागतील. 1977 मध्ये निघालेलं व्हॉयेजर 1 हे माणसाने सर्वांत दूर पाठवलेलं यान अजून एका प्रकाश-दिवसाच्या आसपास पोचतं आहे.

म्हणजे बाहेर जाऊन कुणीच पाहिलेलं नाही. त्या चित्रातली प्रत्येक रेघ आत बसून काढलेली आहे. सूर्याच्या त्या बारीकशा खुणेपाशी माझे डोळे दर वेळी थांबतात. ती खूण योग्य जागी पडायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली, आणि किती माणसांच्या रात्री तिच्यात मुरल्या आहेत!

दिवे घाटाच्या माथ्यावर उभं राहिलं की वारीचा आकार एका नजरेत दिसतो. दिंडीच्या मधोमध चालणाऱ्याला तो दिसत नाही. त्याच्यासमोर पाठी, पताका आणि धूळ. पण चालणारा जागा असेल तर त्यालाही पुष्कळ कळतं. रस्त्याच्या दिशेने माणसं दाट आहेत, कडेला विरळ आहेत. धुळीमुळे दिसत नसलं तरी पुढे कुठेतरी मृदंग वाजतो आहे. आपल्या शेजारून कोण भरभर पुढे जातं, कोण मागे पडतं. आकाशगंगेचा नकाशा काढणारे सगळे असेच चालणारे होते. त्यांना घाटमाथा कधीच मिळणार नव्हता.

आपल्याकडे आकाशगंगेच्या गाभ्याच्या दिशेला बघायचं तर चैत्र-वैशाखातल्या अमावास्येच्या सुमारास सह्याद्रीतलं एखादं अंधारं पठार गाठावं लागतं, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत थांबावं लागतं. आधी आग्नेयेला वृश्चिकाची नांगी वर येते, मग तिच्या मागोमाग धनू. या दोहोंच्या मधे, मूळ नक्षत्राच्या जवळ, तो दुधी पट्टा सर्वांत रुंद आणि सर्वांत उजळ होतो. गाभा तिथे, त्या पट्ट्याच्या आड. तो मध्यरात्री दक्षिणेला ऐन उंचीवर यावा असे दिवस म्हणजे जूनचा मध्य. पण तेव्हा सूर्य मृगात असतो. शेतकरी ज्या मृगाच्या पावसाची वाट बघत असतो, त्याच मृगाच्या बरोबर समोर, आकाशाच्या दुसऱ्या अंगाला, आकाशगंगेचा मध्य असतो. म्हणून महाराष्ट्रात त्याच्या सर्वोत्तम रात्री पावसाच्या वाट्याला जातात. आपल्याला मिळतात त्या अलीकडच्या, उशिराच्या, झोप मोडून मिळवलेल्या रात्री. मला त्या पुरेशा वाटत आल्या आहेत.

त्या पट्ट्याकडे बघताना पहिला मोह होतो तो उजेड मोजण्याचा. विल्यम हर्शेलने तेच केलं. बाथ शहरातल्या चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवणारा हा संगीतकार आरसे घासत घासत आपल्या काळातला सर्वांत मोठा निरीक्षक झाला. वीस फुटी दुर्बीण एका दिशेला रोखायची, नजरेच्या टप्प्यात किती तारे दिसतात ते मोजायचं, मग दुसरी दिशा. अशा 683 जागांच्या मोजणीवरून त्याने 1785 मध्ये आपल्या तारासमूहाचा छेद काढून दाखवला. त्याची बहीण कॅरोलाइन घड्याळ आणि वही घेऊन बसे, आणि वरून त्याने सांगितलेलं ऐकून टिपत जाई. त्या वहीशिवाय तो छेद झालाच नसता. छेदाचा आकार वेडावाकडा, चपटा, एका बाजूला दुभंगलेला; आणि सूर्य जवळजवळ मध्यावर. गणितात दोन गोष्टी गृहीत होत्या: तारे सगळीकडे सारखे पसरले आहेत आणि आपली दुर्बीण शेवटच्या ताऱ्यापर्यंत पोचते. पुढे चाळीस फुटी दुर्बिणीतून त्याला आणखी तारे दिसले, आणि आपण काठापर्यंत पोचलोच नव्हतो हे त्याने मान्य केलं. त्याचा आकार चुकला तरी मोजून आकार काढायची पद्धत टिकली.

शंभरावर वर्षांनी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला याकोबस काप्तेन बसला. त्याच्याकडे स्वतःची दुर्बीण नव्हती. आफ्रिकेच्या दक्षिण टोकावर डेव्हिड गिलने काढलेल्या काचेच्या फोटोपट्ट्या त्याच्याकडे येत, आणि तो वर्षानुवर्षं त्यांच्यावरचे ठिपके मोजत राही. साडेचार लाखांवर तारे. 1922 मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, त्याने आपलं विश्व मांडलं तेव्हाही सूर्य मध्याच्या जवळच होता. ताऱ्यांच्या मधे काही झाकणारं असेल ही शंका त्याला होती, पण ती सिद्ध करता आली नाही.

झाकणारं होतंच. पठारावर डोळे अंधाराला सरावले की पट्ट्याच्या मधोमध काळ्या फटी दिसू लागतात. हंसापासून एक लांब फट खाली श्रवणावरून दक्षिणेकडे जाते. हर्शेललाही वृश्चिकाच्या आसपास आकाशाला भोक पडल्यासारखी रिकामी जागा दिसली होती. या काळोखावर सर्वांत जास्त जीव लावला तो एडवर्ड बर्नार्डने. नॅशव्हिलच्या गरीब घरातला मुलगा, लहानपणीच एका फोटो स्टुडिओत कामाला लागलेला. मोठा झाल्यावर त्याने आकाशगंगेचे जे फोटो काढले तसे आधी कुणी काढले नव्हते. त्यांत काळ्या जागांना आकार होते, कडा होत्या, शेपट्या होत्या. ही खरोखर रिकामी जागा, की मधे काहीतरी उभं आहे? बर्नार्ड या प्रश्नापाशी कित्येक वर्षं घुटमळला, आणि हळूहळूच मधे काहीतरी आहे याकडे वळला. मला हे घुटमळणं फार मोलाचं वाटतं. नसलेलं आणि झाकलेलं डोळ्यांना सारखंच दिसतं. त्यांतला फरक ठरवायला घाई करून चालत नाही.

पुढे जी वाट सापडली ती उजळ पट्ट्यातून गेलीच नाही.

हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेविट पेरूहून येणाऱ्या काचेच्या पट्ट्या तपासत असे. तिला ऐकू फार कमी येई. मॅगेलनच्या लहान मेघातले काही तारे ठरावीक कालाने उजळतात आणि मंदावतात; जो जास्त तेजस्वी त्याला जास्त वेळ लागतो. 25 ताऱ्यांवरून हे नातं तिने 1912 मध्ये मांडलं. वरवर बघता हा एक आलेख, दोन तिरप्या रेषा. पण त्यातून अंतर मोजायचं माप हातात आलं: ताऱ्याची लय मोजा, त्यावरून त्याचं खरं तेज कळेल, दिसतं तेज त्याच्याशी ताडून पाहा, अंतर मिळेल.

हार्लो शॅपलीने ते माप माउंट विल्सनवर नेलं. रिकाम्या वेळात तो वेधशाळेच्या भिंतीवरून धावणाऱ्या मुंग्यांचा वेग आणि हवेचं तापमान टिपत असे, आणि त्यावरही त्याने निबंध लिहिले. मोजल्याशिवाय राहवत नाही असा माणूस. त्याने आकाशगंगेचा पट्टा बाजूला ठेवला आणि गोलाकार तारकागुच्छांकडे पाहिलं. एकेकात लाखो वृद्ध तारे, आणि हे गुच्छ पट्ट्याच्या वर-खाली, मोकळ्या जागेत विखुरलेले. पण सगळ्या दिशांना सारखे नव्हेत. निम्म्या आकाशात जेमतेम थोडे, आणि धनूच्या दिशेला त्यांची गर्दी. शॅपलीने विचार केला, हे गुच्छ ज्याच्याभोवती जमले आहेत तोच मध्य. मग आपण मध्यात नाही. 1918 मध्ये त्याने सूर्याला उचलून कडेकडे ठेवलं. त्याने काढलेलं मध्याचं अंतर आजच्या मापाच्या दुपटीहून जास्त होतं. आज आपण ते 26 ते 27 हजार प्रकाशवर्षं धरतो. दिशा मात्र त्याची बिनचूक होती.

आणि धूळ? ती 1930 मध्ये रॉबर्ट ट्रम्पलरने पकडली. लिक वेधशाळेत त्याने शंभर खुल्या तारकागुच्छांची अंतरं दोन तऱ्हांनी काढली: एकदा तेजावरून, एकदा आकारावरून. दोन्ही उत्तरं जुळेनात. तेजावर विश्वास ठेवला तर जितका गुच्छ दूर तितका तो खराही मोठा, असं विचित्र काहीतरी निघे. सूर्यापासून दूर जाताना साऱ्या विश्वाने फुगत का जावं? त्यापेक्षा वाटेतली धूळ प्रकाश खाते हे सरळ होतं. एकदम सगळ्यांच्या चुका समजल्या. हर्शेलला आणि काप्तेनला जो काठ वाटला होता तो त्यांच्या नजरेचा काठ होता, सगळीकडे सारख्याच अंतरावर, म्हणून ते स्वतः मधोमध. आकाशगंगेच्या गाभ्याकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाचा लाख कोटींतला एखादाच भाग आपल्यापर्यंत येतो. वैशाखातल्या त्या रात्री धनूजवळ जे उजळ दिसतं ते गाभ्याच्या कितीतरी अलीकडचं आहे. हे कळल्यावर मला तो उजेड कमी सुंदर वाटला नाही. उलट त्या काळ्या फटींकडे मी आदराने बघायला लागले.

मध्य मिळाला, पण भुजा? विल्यम मॉर्गनची गोष्ट मी कितीही वेळा सांगेन. विस्कॉन्सिनमधली यर्क्स वेधशाळा, 1951 चा शरद ऋतू. वेधशाळेतून घरी जायची वाट अगदी थोडी. चालता चालता मॉर्गनने उत्तरेला वर पाहिलं: ययातीतला जोडगुच्छ, त्याच्या पलीकडे शर्मिष्ठा. तिथल्या निळ्या, अतितप्त, तरुण ताऱ्यांची अंतरं तो कित्येक महिने काढत होता. त्या क्षणी त्याच्या लक्षात आलं की जोडगुच्छ आणि शर्मिष्ठेतले ते दूरचे तारे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर आहेत, साडेसहा हजार प्रकाशवर्षांच्या आसपास. म्हणजे ते एका माळेत आहेत. निळे तारे थोडंच जगतात, जन्मले त्या जागेपासून फार लांब जात नाहीत. आणि इतर दीर्घिकांत ते भुजांवरच दिसतात. ही माळ म्हणजे आपल्या आकाशगंगेची भुजा. त्या डिसेंबरात क्लीव्हलँडच्या संमेलनात त्याने ते मांडलं तेव्हा सभागृहाने टाळ्या तर वाजवल्याच, पाय आपटूनही दाद दिली. ती भुजा आज ययातीच्याच नावाने ओळखली जाते. दिवाळीनंतरच्या कुठल्याही स्वच्छ रात्री, गावाबाहेर, शर्मिष्ठेचा इंग्रजी एम सापडला की त्याच्या जवळ जोडगुच्छाचा धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तुम्ही तेव्हा शेजारच्या भुजेकडे बघत असता.

त्याच वर्षी धुळीपलीकडचा मृदंगही ऐकू आला. त्याचं गणित 1944 चं. नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात, लायडनचं विद्यापीठ बंद. तिथल्या वेधशाळेत यान ऊर्टच्या सांगण्यावरून हेंड्रिक फान डे हुल्स्ट या विद्यार्थ्याने दाखवलं की हायड्रोजनचा एकटा, थंड अणू 21 सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडत असला पाहिजे. एका अणूकडून हे घडायला सरासरी कोटभर वर्षं लागतात, पण अणू इतके अगणित की आकाश त्या लहरीने भरून जावं. आणि इतक्या लांब लहरीला धूळ अडवू शकत नाही. 25 मार्च 1951 रोजी हार्वर्डमध्ये हॅरोल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी ती लहर पकडली; प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर काढलेल्या त्यांच्या कर्ण्यात पावसाचं पाणी शिरे. काही आठवड्यांत डचांनाही ती मिळाली, जर्मनांनी मागे सोडलेल्या रडारच्या तबकडीवर. ज्या तबकड्या विमानं शोधायला उभ्या केल्या होत्या त्यांतल्या एकीने आकाशगंगेच्या पार पलीकडचा वायू शोधला. हार्वर्डच्या जोडीने डचांसाठी वाट पाहिली आणि दोन्ही निबंध एकाच अंकात छापून आले, हेही इथे सांगायला हवं. वायू आपल्याकडे येत असेल तर लहर किंचित आखूड होते, दूर जात असेल तर लांबते. कुठला वायू किती वेगाने फिरतो हे ठाऊक असलं की लहरीवरून त्याची जागा ठरते. 1958 पर्यंत डच आणि ऑस्ट्रेलियन मोजणी जोडून आकाशगंगेचा पहिला मोठा वायूनकाशा तयार झाला.

ही लहर ऐकणारे कान आपल्याकडेही आहेत. नारायणगावहून खोडदकडे जाताना द्राक्षांच्या बागा आणि टोमॅटोची शेतं यांच्या मधूनच एकदम पांढऱ्या तबकड्या उभ्या राहतात. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओदुर्बिणीच्या 30 तबकड्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. चौदा खोडदजवळ, बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. पत्रा नाही, तारांची जाळी. लांब लहरीला तेवढं पुरतं आणि वारा आरपार जातो. 21 सेंटिमीटरची लहर या दुर्बिणीच्या टप्प्यात येते. विज्ञान दिनाला तिथे गावोगावच्या शाळा येतात. तशा एका गर्दीत मी होते. गणवेशातल्या एका मुलीने तिथल्या तरुण संशोधकाला विचारलं, "सर, आकाशगंगेचा फोटो कुणी काढला?"

"कुणीच नाही गं. आपण तिच्या आतच आहोत ना."

"मग आकार कसा कळला?"

तो जरा थांबला. तबकडीकडे बघत म्हणाला, "थोडा थोडा करून. खूप जणांनी मिळून."

त्या दिवशी मी ऐकलेल्या साऱ्या भाषणांत हेच उत्तर सर्वांत पूर्ण होतं.

अलीकडच्या काळातला मोठा वाटा गाया या युरोपीय यानाचा. हात लांब करून अंगठा धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. मागच्या भिंतीवर अंगठा सरकतो. डोळ्यांतलं अंतर ठाऊक असलं की अंगठ्याचं अंतर काढता येतं. गायाने पृथ्वीच्या कक्षेची रुंदी, सुमारे 30 कोटी किलोमीटर, डोळ्यांमधलं अंतर म्हणून वापरली. 2013 च्या डिसेंबरात ते निघालं, 2025 च्या जानेवारीत इंधन संपत आल्यावर त्याचं निरीक्षण थांबलं. त्याने 180 कोटी ताऱ्यांच्या जागा टिपल्या, आणि बहुतेकांची चालही. आकाशगंगेतल्या एकूण ताऱ्यांचा हा जेमतेम एक-दोन टक्के, तरी हर्शेलने पाहिलं असतं तर कॅरोलाइनला हाक मारली असती! तबकडी सपाट नाही हेही आता नीट दिसलं: 2019 मध्ये पोलंडच्या खगोलज्ञांनी लेविटच्याच जातीचे 2,400 हून जास्त तारे त्रिमितीत मांडले, तर कडा एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली वाकलेल्या.

देवयानी दीर्घिका 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि तिचा आकार कुठल्याही फोटोत दिसतो. आपल्या घराचा दिसत नाही, म्हणून पूर्वी मला हळहळ वाटे. आता वाटत नाही. आत असल्यामुळेच आपल्याला शेजाऱ्यांची चाल ठाऊक आहे. 2018 मध्ये अमीना हेल्मी आणि सहकाऱ्यांना गायाच्या नोंदींत सूर्याच्या परिसरातलेच असे तारे मिळाले जे बाकीच्यांसारखे फिरतच नाहीत. सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेत विलीन झालेल्या एका लहान दीर्घिकेचे ते तारे. बाहेरून काढलेल्या फोटोत हे दिसलं नसतं. घाटमाथ्यावरून वारीचा आकार कळेल, पण शेजारून कोण चाललं आहे ते कळायला चालावंच लागतं.

नकाशा अजून अपुरा आहे. मुख्य भुजा दोन की चार यावर एकमत नाही. गाभ्याच्या मागचा भाग तर फारच कोरा. तिथल्या एका तारकाजन्मस्थळाचं अंतर, 66 हजार प्रकाशवर्षांहून थोडं जास्त, 2017 मध्ये अंगठ्याच्या त्याच रीतीने थेट मोजलं गेलं, हवाईपासून कॅरिबियन बेटांपर्यंत पसरलेल्या दहा रेडिओ तबकड्या एकत्र जोडून.

आणि कोऱ्या जागा काही सगळ्या दूरच्याच नव्हत्या. मृगातला तेजोमेघ आणि त्याच्या आजूबाजूची तारकाजन्मस्थळं कित्येक पिढ्यांनी अभ्यासलेली. 2020 मध्ये जुआंव आल्विस, अलिसा गुडमन आणि सहकाऱ्यांनी अशा ढगांची नवी अंतरं एकत्र मांडली, तर ते सगळे एका सलग लाटेत निघाले: 9 हजार प्रकाशवर्षं लांब, तबकडीच्या वर आणि खाली पाचपाचशे प्रकाशवर्षं जाणारी, सूर्यापासून जवळात जवळ पाचशे प्रकाशवर्षांवर. इतकी मोठी, इतकी शेजारची, आणि आपल्या डोळ्यांना ती लाट म्हणून कधी दिसलीच नव्हती. सूर्य सेकंदाला सव्वादोनशेहून जास्त किलोमीटर वेगाने आपली प्रदक्षिणा करत असताना साधारण 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी या लाटेतल्या मृगाकडच्या दाट ढगांतून गेला असावा, असं 2025 मध्ये व्हिएन्नाच्या गटाने मांडलं. त्या वेळी पृथ्वीवर उतरलेल्या धुळीच्या काही खुणा इथल्या भूस्तरांत शिल्लक असतील का, हा प्रश्न आता त्यांच्यासमोर आहे.